कपड्यावर दिवे शिवायचेत? आधी धाग्याचा हिशोब करा

कपड्यावर एलईडी लावायचे म्हटलं की सल्ला एकच मिळतो: कंडक्टिव्ह (वीज वाहून नेणारा) धागा आणा आणि शिवायला बसा. कोणता धागा, हे कुणी सांगत नाही. दिसणं, मऊपणा, रंग हे सगळं नंतर बघा. आधी दोनच प्रश्न विचारा: करंट किती जाणार आणि किती लांब जाणार?

१. बॅटरी, दिवे आणि मार्ग खडूने कापडावर आखा. या धाग्याला प्लास्टिकचं आवरण नसतं, त्यामुळे अधिक आणि उणे मार्ग कुठेही एकमेकांना छेदता कामा नयेत.

२. आता हिशोब. मी इथेच अडकले होते. जाकिटाच्या बाहीवर खांद्यापासून मनगटापर्यंत पाच लाल दिवे शिवले. खांद्याजवळचा बरा लागला, मनगटाजवळचा नुसता मिणमिणला. बॅटरी बदलली, दिवे बदलले, सगळी बाही दोनदा उसवली. दोष धाग्याचा होता.

स्टेनलेस स्टीलच्या दुपदरी धाग्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरला साधारण ५० ओहम असतो. दिवा बॅटरीपासून ४० सेंमीवर असेल, तर जाऊन-येऊन ८० सेंमी, म्हणजे ४० ओहम. दिव्याने २० मिलिअँपिअर घेतले, तर ०.८ व्होल्ट धाग्यातच खर्च होतात. ३ व्होल्टच्या बटण सेलवर एक लाल दिवा हे निभावून नेतो, कारण त्याला २ व्होल्टच्या आसपास पुरतात. पांढऱ्या किंवा निळ्या दिव्याला जवळपास ३ व्होल्ट हवेत, त्याच्या वाट्याला काही उरतच नाही.

पाच दिवे एकाच मार्गावर असले की गोष्ट आणखी बिघडते. सुरुवातीच्या तुकड्यातून पाचही दिव्यांचा करंट जातो. तो पूर्ण १०० मिलिअँपिअर धरला, तर पहिल्या २० सेंमीतच (दोन्ही बाजू मिळून २० ओहम) २ व्होल्ट जायला हवेत. तेवढे गेल्यावर दिव्यांना पुरतील इतके सेलकडे उरत नाहीत, म्हणून सगळेच दिवे मंदावतात आणि शेवटचा सर्वांत जास्त.

उपाय सोपे आहेत. बॅटरी दिव्यांच्या मधोमध ठेवा, धागा दुहेरी घाला (रोध निम्मा होतो), शक्य तिथे प्रत्येक दिव्याला वेगळा मार्ग द्या. रंग बदलणारे पिक्सेल दिवे असतील, तर धाग्याचा नाद सोडा. पूर्ण पांढऱ्या उजेडावर असा एकेक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो. दहा दिव्यांना सिलिकॉन आवरणाची, बारीक तंतूंची लवचीक तारच हवी. ती साध्या दोऱ्याने कापडावर टाचून टाका. तार वापरली म्हणून काम कमअस्सल ठरत नाही.

पाकिटावरच्या आकड्यावर विसंबू नका, स्वतः मोजा. मल्टिमीटरची (रोध मोजायच्या यंत्राची) टोकं धाग्याला नुसती टेकवली की आकडा नाचतो. धागा मीटरच्या क्लिपभोवती तीन-चार वेढे गुंडाळा. दोन्ही क्लिपा एकमेकींना जोडून जो आकडा येईल तो वजा करा. मग त्याच कापडाच्या तुकड्यावर ३० सेंमी धावदोरा घालून पुन्हा मोजा. धावदोऱ्यात धागा वर-खाली जातो, त्यामुळे आखलेल्या रेषेपेक्षा जास्तच लागतो. तुकडा दुमडा, ताणा, आकडा बघत राहा. धुऊन वाळवून परत मोजा. ही चाचणी टाळून थेट कपड्यावर शिवू नका.

३. माझी निवड सांगते. दिव्यांसाठी स्टीलचा धागा, तो गंजत नाही आणि धुण्याला टिकतो. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉन धागा मऊ असतो, पण घामाने आणि हवेने काळवंडतो आणि धुण्यागणिक मुलामा झिजून रोध वाढतो. तो स्पर्शाच्या बटणांसाठी ठेवा, तिथे करंट नगण्य असतो. रुंद, कमी रोधाची पट्टी हवी असेल तर तांबे-निकेलचा मुलामा दिलेलं पॉलिएस्टर कापड उत्तम. मात्र अनेकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही, म्हणून अंगाच्या बाजूला अस्तर हवंच. वाहक रंग आणि तांब्याची चिकटपट्टी कपड्यावर लावूच नका, घडीवर तडकतात.

४. स्टीलवर साधं सोल्डर (वितळवून जोड देणारा धातू) धरत नाही, त्यामुळे जोड टाक्यांचाच. दिव्याच्या प्रत्येक छिद्रातून तीन-चार घट्ट वेढे घ्या, मग गाठ मारा. स्टील स्प्रिंगसारखं उलगडतं, म्हणून गाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब सोडा आणि तो वाळल्यावरच शेपूट कापा. लांब शेपटाचे केसासारखे तंतू शेजारच्या मार्गाला टेकले की शॉर्ट झालंच.

५. बॅटरी काढता येईल अशीच बसवा आणि धुण्याआधी काढा. लिथियम-पॉलिमर बॅटरी कोपर, गुडघा किंवा बसताना दबणाऱ्या जागी कधीही नको. ती वाकली किंवा चेपली तर पेट घेऊ शकते.