काल्पनिक देशातला उद्योगसमूह: आधी भट्टी, मग टॉवर

एकांकिका असो, दीर्घकथा असो की मुलांसाठी बोर्डगेम, कल्पनेतल्या देशात अवाढव्य कंपनी उभी करायची म्हटलं की बहुतेक जण काचेच्या टॉवरपासून सुरुवात करतात आणि वरच्या मजल्यावर एक दुष्ट चेअरमन बसवतात. कंपनी नेमकं काय विकते हे ठरलेलंच नसतं. मग दुसऱ्या अंकात चेअरमनला धमक्या देण्यापलीकडे काम उरत नाही.

म्हणून पहिला माल ठरवा, आणि तो एकच ठेवा. बेळगावकरांना नमुना शोधायला लांब जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये इथे सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात. त्यात नगरपालिकेला जागा हवी झाली, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या आधाराने किर्लोस्करवाडी वसली. गिऱ्हाइकाचा संशय, हातची गेलेली जागा, राजाचा आधार: तुमच्या कंपनीच्या पहिल्या वीस वर्षांत या तिन्ही गोष्टी हव्यातच.

समजा देशाचं नाव मेरवण आणि पहिला धंदा बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फौंड्रीत (ओतशाळेत) तासभर उभं राहिलात तरी हवा तेवढा तपशील मिळेल. शंभर किलो वितळलेला रस ओतला तर विकण्याजोगं कास्टिंग साधारण साठ-सत्तर किलो निघतं. बाकीचं रस वाहायच्या वाटांमध्ये गोठतं, ते तोडून पुन्हा भट्टीत जातं. वाळूत ओल जास्त राहिली की वाफ धरते आणि ब्लोहोल पडतात. वरून माल गुळगुळीत दिसतो, मशीनवर पहिला कट घेतला की भोक उघडं पडतं आणि अख्खा लॉट परत येतो. कंपनीचं पहिलं संकट इथून काढा. शेअर बाजार कोसळल्याच्या बातमीपेक्षा परत आलेला ट्रक रंगमंचावर जास्त बोलतो.

पुढचा प्रत्येक धंदा आधीच्या गरजेतून यावा. भट्टीला कोक, म्हणजे दगडी कोळशाचं जळण, लागतो म्हणून खाण घेतली, खाणीसाठी बंदर, बंदरासाठी जहाजं, कामगारांच्या पगारासाठी बँक. वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी. साबण, विमानं आणि इस्पितळं एकदम दिलीत तर तो समूह न राहता जत्रेतलं दुकान होतो.

आता मालकी. इथे कागद-पेन्सिल घ्याच. वर घराण्याचा ट्रस्ट. त्याच्याकडे मूळ कंपनीचे ५१ टक्के, मूळ कंपनीकडे खाणीचे ५१ टक्के, खाणीकडे बंदराचे ५१ टक्के. बंदराच्या नफ्यात घराण्याचा खरा वाटा जेमतेम १३.२७ टक्के, पण निम्म्याहून जास्त मतांनी होणाऱ्या सामान्य ठरावावर हुकूम पूर्ण. नाट्य या फरकातच आहे. उरलेले ४९ कोणाचे हेही ठरवा. भारतात विशेष ठरावाला झालेल्या मतदानातली तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे २६ टक्केवाला भागीदार तो अडवून धरू शकतो. मेरवणमध्येही तोच नियम ठेवा, बंदराचे २६ टक्के सरकारला द्या, आणि मंत्री-चेअरमन यांच्या प्रवेशात भांडणाला खरं कारण मिळेल.

बहुराष्ट्रीय म्हणायचं तर पैसा हद्द ओलांडताना दिसला पाहिजे. खनिज काढायचा खर्च टनाला ४० दाम (हे मेरवणचं चलन). खाण ते आपल्याच परदेशी कंपनीला ४५ ला विकते, ती बाहेर ९० ला. मेरवणमध्ये नफा दिसतो ५, परदेशात ४५. कर ३० टक्के धरला तर देशाला १५ ऐवजी दीड दाम मिळतो. यात पेट्या पळवणं नाही, अंधाऱ्या खोल्या नाहीत, सगळं बिलावर. त्रयस्थाला लावला असता तोच भाव लावलाय का, एवढाच प्रश्न तुमच्या कर अधिकाऱ्याने विचारायचा.

आकड्यांत सगळ्यात जास्त चुका नोकरांच्या संख्येत होतात. वीस लाख वस्तीच्या देशात कमावते हात आठ लाख धरा. समूहाकडे चाळीस हजार म्हणजे दर विसातला एक. तेवढ्यानेही प्रत्येक गल्लीत कंपनीचा माणूस असतो. पाच लाख लिहिलेत तर शेती कोण करतंय, हे वाचक विचारणारच.

भाषेकडे मात्र सीमाभागातल्या लेखकाने दुर्लक्ष करू नये, ती आपली जमेची बाजू आहे. फाटकावरची पाटी एका भाषेत, नेमणुकीचं पत्र दुसऱ्या भाषेत, भट्टीपाशी शिव्या तिसऱ्या भाषेत, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मेरवणमध्येही तसंच करा. अपघातानंतर जखमी कामगाराच्या बायकोपुढे तिला न वाचता येणाऱ्या लिपीतला कागद ठेवा, कारकुनाचं बोट फक्त अंगठ्याच्या जागेवर. जुने कामगार मालकाला ‘सावकार’ म्हणतील, टॉवरमधली पोरं ‘सर’. एकाच माणसाला दोन हाका पुरतात, वेगळं वर्णन नको.

नाव शेवटी ठेवा. ते केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शोधून बघा, कुणाची खरी कंपनी निघाली तर बदला. आणि मोठ्याने उच्चारून पाहा: नटाची जीभ अडखळली, तर कामगारांच्या घोषणेत ते बसणार नाही.