स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर टिकेल असा स्कोप कसा घ्यायचा

परवा भाच्याचा बाणेरहून फोन, मामा हा पण स्कोप (रायफलवरची दुर्बीण) गेला. सहा महिन्यांत दुसरा. पहिला रायफलसोबत कॉम्बोत आलेला, त्याचा क्रॉसहेअर (आतली निशाणाची फुली) तिरका झाला होता, आणि दुसरा म्हणजे कुणीतरी सांगितलं म्हणून घेतलेला, चांगला महागातला, मोठ्या बोअरच्या रायफलवर चालणारा. दुकानदार म्हणाला होता हा मोठ्या बंदुकीचा धक्का सोसतो तर तुमच्या एअरगनचं काय घेऊन बसलात. इथेच घोळ होतो. माझाही एक स्कोप असाच गेलाय, भोरकडे मित्राच्या शेतावर बसून अख्खी दुपार मी छर्र्यांना दोष देत होतो आणि आत लेन्स सैल झालेली.

आधी धक्का कसा बसतो ते बघा. साध्या बंदुकीत धक्का एकाच दिशेला, मागे. स्प्रिंगरमध्ये, म्हणजे स्प्रिंगवाल्या एअर रायफलमध्ये, ट्रिगर ओढला की जड पिस्टन पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते, आणि पिस्टन पुढे जाऊन दाबलेल्या हवेवर थांबला की तीच रायफल झटक्यात पुढे ओढली जाते. दोन उलटे धक्के, एकामागोमाग. मोठ्या बंदुकीचा स्कोप मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेला असतो, पुढच्या झटक्याला त्याच्या लेन्स आणि आतली छोटी नळी (टरेट म्हणजे निशाण वर-खाली, डावी-उजवीकडे करायची गुंडी, ती फिरवल्यावर हलते ती, इरेक्टर ट्यूब म्हणतात) धरून ठेवायला पुरेसा आधार असेलच असं नाही.

अमेरिकेत लोक .४४ मॅग्नम, .४५४ कॅसूल, २००३ साली आलेल्या .५०० स्मिथ अँड वेसन असल्या दणकट रिव्हॉल्व्हरवर पण स्कोप लावतात, आणि तिथे जोर इतका की स्कोप बंदुकीवर धरणाऱ्या दोनऐवजी तीन-तीन रिंगा घालतात. ते बघून हँडगनचा स्कोप मागवायचा विचार कुणी करत असेल तर करू नका. तो हात लांब करून बघायचा असतो, म्हणजे डोळ्यापासून हातभर अंतरावर चित्र दिसतं, आपल्या रायफलवर डोळा तीन-साडेतीन इंचांवर असतो, तिथून तुम्हाला नीट काहीच दिसणार नाही. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट एकच, हलका स्कोप आणि घट्ट पकड.

म्हणून घेताना पहिला प्रश्न एकच विचारा, हा स्प्रिंगरसाठी रेटेड आहे का, आणि वॉरंटीत तसं लिहिलंय का. "एअरगनला चालतो" एवढं पुरत नाही कारण पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) पण एअरगनच, आणि पीसीपीला धक्का जवळपास नसतोच, त्यावर काहीही टिकतं. नायट्रो पिस्टन (स्प्रिंगऐवजी दाबलेला गॅस) असेल तरी स्प्रिंगरच समजा, त्याचा झटका उलट जास्त तुटक असतो. हॉकची एअरमॅक्स सिरीज एअरगन डोळ्यासमोर ठेवूनच बनवलेली आहे, यूटीजीचे पण बरेच जण वापरतात, पण नावापेक्षा वॉरंटीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचा.

दुसरं वजन. स्कोप जितका जड तितका तो झटक्याला जागेवरच राहायला बघतो आणि सगळा ताण रिंगांवर येतो. ५० मिमीची मोठी काच दिसायला भारी वाटते पण २०-२५ मीटरवर दिवसाढवळ्या तिचा काडीचा उपयोग नाही, वर माउंट (रिंगांचा जोड) उंच घ्यावं लागतं ते वेगळंच. ३-९x४० (३ ते ९ पट झूम, ४० मिमीची पुढची काच) मध्ये काम होतं, आणि खरं सांगू का, फिक्स्ड ४x३२ मिळाला तर तोच घ्या, झूमची यंत्रणाच नाही म्हणजे आत हलणारे भाग कमी, बिघडायला कमी. फक्त पॅरॅलॅक्स, म्हणजे स्कोप किती अंतरासाठी जुळवलाय, ते बघा. मोठ्या बंदुकीचे स्कोप बहुतेक १०० यार्डांवर फिक्स केलेले असतात, आपण मारतो १० ते ३० वर, तिथे चित्र धूसर दिसतं आणि डोळा जरा हलला की निशाण सरकतं. पुढच्या काचेची रिंग फिरवून १० यार्डांपर्यंत फोकस येतो असा एओ वाला घ्या. क्रॉसहेअर तारेचा असण्यापेक्षा काचेवर कोरलेला बरा, तार तुटू शकते.

आता माउंट. इथे लोक पैसे वाचवतात आणि इथेच फसतात. रायफल पुढे उडी मारते म्हणून स्कोप रेलवर मागे मागे सरकत येतो. आपल्याकडच्या बऱ्याच रायफलींवर ११ मिमीची डवटेल रेल (माउंट अडकवायची तिरप्या कडांची पट्टी) असते, तिच्यावर नुसत्या स्क्रूच्या जोरावर रिंगा थांबत नाहीत. मागच्या रिंगेला खाली स्टॉप पिन असलेलं माउंट घ्या आणि ती पिन रेलवरच्या भोकात नीट बसवा, भोक नसेल तर रिंगेच्या मागे वेगळा स्कोप स्टॉप लावा. रेल आणि रिंगा आधी स्पिरिटने पुसा, तेलाचा अंश नको. वरचे स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळा, साधारण १.७ न्यूटन मीटर, रिंगवाल्या कंपनीने आकडा दिला असेल तर तोच. छोटा टॉर्क ड्रायव्हर नसेल तर नाना पेठेत विचारा, आणि जोरात आवळून स्कोपची नळी चेपवू नका, चेपलेल्या नळीत इरेक्टर अडकतो मग क्लिक दिले तरी निशाण हलत नाही. रेल पकडणाऱ्या खालच्या स्क्रूंना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल पडू नये म्हणून लावायचा गोंद), लाल अजिबात नको.

सगळ्यात जास्त चांगले स्कोप ज्यामुळे फेकले जातात ती गोष्ट वेगळीच आहे. काही रायफलींत, डायनाच्या जुन्या ब्रेकबॅरलमध्ये (नळी मोडून भरायच्या) तर बऱ्याचदा, रायफलीची नळी रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. मग छर्रे खाली लागतात, तुम्ही वरचा टरेट अपच्या दिशेने फिरवत जाता, आणि एका मर्यादेनंतर आतली स्प्रिंग इतकी सैल पडते की इरेक्टर प्रत्येक धक्क्याला हलायला लागतो. ग्रुप (लागलेल्या छर्र्यांचा पुंजका) पसरतो आणि आपण म्हणतो स्कोप गेला. तर टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवा, क्लिक मोजा, अर्ध्यावर या. तिथून झिरो करायला (छर्रा निशाणावर आणायला) फार क्लिक लागत असतील तर मागच्या रिंगेत स्कोपच्या नळीखाली जुन्या फोटो निगेटिव्हचा तुकडा घाला. तुकडा साधारण ०.१५ मिमी जाड, रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर २० मीटरवर छर्रा जवळपास ३ सेंटीमीटर वर जातो. दोन तुकड्यांच्या पुढे जाऊ नका, नळी वाकते, मग सरळ ड्रूपर माउंट (मागची बाजू मुद्दाम उंच असलेलं) किंवा ॲडजस्टेबल माउंट घ्या.

भाच्याच्या रायफलीत शेवटी हेच निघालं बरं का. टरेट पार टोकाला होता. दुसरा स्कोप कदाचित गेलेलाच नाहीये, आता ड्रूपर माउंटवर बघणार आहोत.

नवीन स्कोप आला की वॉरंटीच्या मुदतीतच तपासा. आधी तीस-चाळीस छर्रे मारून रिंगा परत आवळा, रेलवर पेन्सिलने खूण करा म्हणजे सरकला तर कळेल. मग २० मीटरवर पाचचा ग्रुप, ४० क्लिक वर, पाच, ४० उजवीकडे, पाच, ४० खाली, ४० डावीकडे. पाव एमओएचा टरेट (एका क्लिकला १०० यार्डांवर साधारण पाव इंच) असेल तर चौकोनाची बाजू सहा सेंटीमीटरच्या आसपास यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्याच्या डोक्यावर बसायला हवा. नाही बसला तर आधी स्टॉकचे स्क्रू बघा, मग स्कोप काढून ओपन साइटवर (रायफलीच्या साध्या माशीवर) ग्रुप मारून बघा. तिथेही पसरत असेल तर दोष रायफलीत आहे किंवा धरण्यात आहे, स्प्रिंगर आवळून धरायची नसते, हातावर सैल ठेवायची.

रिकामी रायफल कधीच उडवू नका, छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही आणि तो थेट आपटतो, फार हलके ॲलॉय छर्रे पण जवळपास तेच करतात. शिसाचे, .१७७ असेल तर ७ ते ८.५ ग्रेनचे वापरा, स्कोप आणि स्प्रिंग दोन्ही जास्त जगतात.

आणि हे सगळं गच्चीवर करू नका, पुण्यात गच्चीसमोर दुसऱ्याची गॅलरी असतेच. मागे मातीचा बांध असलेली जागा बघा. पक्ष्यांवर रोखायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा एअरगनलाही लागू आहे. आणि घरातल्या मुलाला बालेवाडीच्या रेंजवर खेळ म्हणून शिकवायचं असेल तर स्कोपवर पैसे घालूच नका, १० मीटर एअर रायफलमध्ये दुर्बिणीला परवानगीच नाही, तिथे पीप साइटच (बारीक भोकातून बघायची) चालते.