एमजीबीचा ऑइल कूलर गळतोय? आधी होज बघा

गाडीखाली मी कायम पुठ्ठा पसरून ठेवते. जुनी इंग्लिश गाडी म्हटली की चार-पाच थेंब आलेच, त्यांनी माझी झोप उडत नाही. पण मार्चमधल्या एका सकाळी डाग पार पुढे, बंपरच्या खाली होता आणि चांगला ताटलीएवढा होता. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये रेडिएटरच्याही पुढे इंजिन ऑइल असतं ते एकाच ठिकाणी, ऑइल कूलरमध्ये, म्हणजे तेल थंड करणाऱ्या जाळीत.

माझी जीटी, म्हणजे पक्क्या छपराची एमजीबी, १९७३ची. क्रोम बंपर, १७९८ सीसी. जिथे ती बनली तो ॲबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद झाला. माझ्या इंग्लंडमधल्या, रेडिंगच्या घरापासून ते गाव तासाभराच्या आत आहे, म्हणून गाडी माहेरच्या अंगणातच राहते असं मी म्हणते. इस्लामपूरहून आई फोनवर म्हणते, "अगं, गाडी आहे का म्हैस? सदा न् कदा तिच्या पोटाखाली!"

पाने हातात घेण्याआधी तेलाचा रस्ता समजून घ्या. पंपातून निघालेलं तेल इंजिनाच्या उजव्या अंगाला, मागच्या टोकाकडून बाहेर पडतं. एका होजने, म्हणजे लवचीक नळीने, कूलरमध्ये जातं, दुसऱ्या होजने फिल्टरच्या डोक्यावर येतं आणि मग बेअरिंगांकडे. म्हणजे कूलर हा फाटा नाही, हमरस्ताच आहे. इंजिन गरम असताना, गाडी चालत असताना या होजमध्ये दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंडांचा दाब असतो. होज फुटला तर इंजिनाखालचं तेलाचं चेंबर रिकामं व्हायला फार वेळ लागत नाही. आणि "कूलर गळतोय ना, मग दोन्ही तोंडांना बूच मारू" हा उद्योग कधीच करू नका. बेअरिंगांना तेलाचा थेंब मिळणार नाही. कूलर बाजूला ठेवायचाच असेल तर इंजिनापासून थेट फिल्टरपर्यंत एकच नळी जोडायची, सुरुवातीच्या बिनकूलरच्या गाड्यांत असायची तशी.

आता चोर पकडायचा. चालत्या गाडीत वारा पुढचं तेल मागे फेकतो, त्यामुळे सगळं पोट ओलं दिसतं आणि माणूस भलत्याच गॅस्केटवर संशय घेतो. सगळा भाग डिग्रीझरने धुवा, कोरडा करा आणि होज, जोड, कूलरची जाळी यांवर टाल्कम पावडर भुरभुरा. दहा मिनिटं इंजिन चालवा. पावडरीत काळी रेघ जिथून सुरू होते तिथे गळती. इंजिनाच्या मागच्या टोकाला ओल दिसली तर जपून: तेलाचा दाब दाखवणाऱ्या गेजची बारीक नळी तिथूनच निघते, आणि ती गळली तरी खापर कूलरच्या होजवर फुटतं. डाव्या अंगाला, एक्झॉस्टच्या खाली ओल असेल तर ते टॅपेट कव्हर, इंजिनाच्या बाजूचं झाकण. त्याचा इथे संबंध नाही.

माझ्या अनुभवात कूलर स्वतः क्वचित गळतो. गळतो तो होज, आणि तोही दोन जागी. एक, रबर जिथे धातूच्या टोकात दाबून बसवलेलं असतं तिथे. दुसरी जागा जास्त वाईट: रेडिएटरभोवतीच्या पत्र्यातल्या भोकांतून होज जातात, त्या भोकांच्या कडेला ग्रोमेट, म्हणजे रबरी कड्या असतात. ते वाळून गळून पडले की पत्र्याची उघडी कड इंजिनाच्या प्रत्येक हादऱ्यासरशी होजला करवतीसारखी घासते. माझ्या गाडीत एक ग्रोमेट जागेवर होतं. दुसऱ्याचा पत्ताच नव्हता.

खोलताना इंजिन कोमट असू द्या, कढत नको. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. खाली पसरट पातेलं. पुढची ग्रिल काढली की कूलर हाताशी येतो. जोडांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

आणि आता जे सांगते आहे ते मी चारशे किलोमीटर दूर असते तरी ओरडून सांगितलं असतं: दोन पाने लावा. एक होजच्या नटवर, दुसरा कूलरच्या तोंडाच्या षटकोनावर, घट्ट धरून. पाच वर्षांपूर्वी मी एकाच पान्याने जोर लावला. नट सुटला म्हणून खूश झाले, तर नटाबरोबर कूलरची नळीच पिळली गेली होती आणि तिचा सांधा तडकला होता. होज बदलायला गेले आणि कूलरही विकत घेऊन बसले. जोड हलतच नसेल तर जुना होज सरळ कापून टाका, म्हणजे नटवर पाना नीट बसतो. होज तसाही फेकायचाच आहे. इंजिनाकडच्या टोकाला उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो. तिथे संयमाला पर्याय नाही, मी तिथेच सर्वात जास्त शिव्या देते.

काढलेल्या कूलरच्या एका तोंडाला बूच मारून तो पाण्याच्या बादलीत बुडवा आणि सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा. बुडबुडे आले तर नवा आणा. एपॉक्सीचे लेप या दाबाला टिकतील यावर माझा विश्वास नाही. पूर्वी कधी बेअरिंग गेलं असेल तर न गळणारा कूलरही बदला, त्याच्या आत अडकलेला धातूचा चुरा धुऊन पुरता निघत नाही.

नवा होज घेताना कंजुषी नको. स्वस्तातले रबरी होज थोडक्या काळात फुटल्याच्या तक्रारी एमजीवाल्यांत नेहमी ऐकू येतात. मी स्टीलच्या विणीचे घेतले, पण ती वीण कानशीसारखी जे लागेल ते घासते, म्हणून पत्र्यापाशी वर रबरी नळी चढवली. ग्रोमेट नवे घाला, चार पैशांची वस्तू आहे. नट आधी हाताने फिरवा. आटे तिरके चढले तर पान्याला ते कळत नाही, बोटांना कळतं. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी नको, तिचे तुकडे तेलात फिरतात.

कूलर लावून झाल्यावर २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरा. जुनं तेल सगळं काढलं असेल तर फिल्टरसकट ४.२६ लिटर, कूलरचं आणखी ०.४२. लगेच इंजिन सुरू करू नका. स्पार्क प्लग काढा, कॉइलची तार सोडा आणि गेजचा काटा उठेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग प्लग लावून इंजिन सुरू करा, टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. एक फेरी मारून या, पुन्हा बघा, तेलाची पातळीही तपासा.

इंग्लंडच्या थंडीत कूलर हवाच कशाला, असं इथले बरेच जण म्हणतात. डिसेंबरात तेल गरम व्हायला खरंच वेळ लागतो. पण एप्रिलमध्ये खंबाटकी चढलेल्या माणसाला कूलर काढून टाकणं जमत नाही, मी ठेवला.

होजच्या टोकावर पांढऱ्या मार्करने बसवल्याची तारीख लिहिली आहे. आठवड्याने आईला व्हिडिओ कॉलवर कोरा पुठ्ठा अभिमानाने दाखवला. ती म्हणाली, "म्हशीखाली निदान दूध तरी मिळतं गं."