वयस्क घोडा उजवीकडे वळताना ताठ होत होता: माझा अनुभव

घोडा १७ वर्षांचा, अंडील. लक्षण असं: दुडकीत उजवीकडे वळवलं की मान वर, पाठ खोलगट, सगळा भार लगामावर. डावीकडे मात्र हाच घोडा पिसासारखा हलका, म्हणजे अंगात चाल होती. कडक लगाम लावला (आणखी बिघडलं), खोगीर बदललं, दमेपर्यंत फेऱ्या मारल्या. तीन महिने त्याला उगाच त्रास दिला, याचं फार वाईट वाटतं. पशुवैद्याने दात, पाठ, पाय तपासले, दुखणं नव्हतं.

जमलं ते या क्रमाने. आधी १५ मिनिटं सैल लगामावर नुसतं चालणं. वयस्क सांध्यांना एवढा वेळ द्यावाच. मग उजवीकडे २० मीटर व्यासाच्या वर्तुळात, चालतच, माझा उजवा पाय तंगाजवळ (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ) दाबायचा आणि डावा लगाम स्थिर ठेवायचा. उजवा लगाम ओढायचा नाही, माझं चुकत होतं ते तिथेच. नंतर शोल्डर-इनची (मागचे पाय सरळ रेषेत, खांदे थोडे आत वळवून चालण्याची) चार-पाच पावलं. त्याने मान खाली सोडली की त्याच क्षणी हात मऊ. दोन पावलं उशीर झाला तरी ही सूट कशाची, हे त्याला कळत नाही. शेवटी दर १०-१२ पावलांनी चालणं, दुडकी, पुन्हा चालणं. एकूण ३५ मिनिटं, आठवड्यातून चार दिवस.

सहाव्या आठवड्यात उजवीकडेही त्याने पाठ उचलली आणि तीच तरंगती दुडकी दिली.