हॅश जुळत नाही: पोलिसांना डिजिटल पुरावा शिकवताना

पहिल्या दिवशी सॉफ्टवेअर उघडूच नका. आधी वर्गाला पुरावा बिघडवू द्या.

8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्सवर तो पूर्ण शून्यांनी भरा, नाहीतर जुन्या फायली मध्येच डोकावतात. मग एफएटी 32 मध्ये फॉरमॅट करा. वीसेक फोटो टाका, पाच डिलीट करा, एकाचं एक्स्टेंशन जेपीजीचं टीएक्सटी करा. ड्राइव्ह अनमाउंट करून अख्ख्या ड्राइव्हचा एसएचए-256 हॅश (डेटाचा जणू बोटाचा ठसा; एक बिट बदलला तरी तो बदलतो) काढा आणि त्याची 64 अक्षरं फळ्यावर लिहा. ड्राइव्हची एक इमेज, म्हणजे बिट-न्-बिट तंतोतंत प्रत, हीही जपून ठेवा.

आता एकाला तो थेट विंडोजला लावायला सांगा. काही उघडायचं नाही, मिनिटभराने काढायचा. पुन्हा हॅश काढला की आकडा पार वेगळा! विंडोजने परस्पर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे फोल्डर तयार केलेलं असतं. जपलेली इमेज परत चढवा आणि हाच प्रयोग राइट ब्लॉकर (ड्राइव्ह वाचू देणारं, पण त्यावर काही लिहू न देणारं उपकरण) लावून करा. आता हॅश जुळतो. राइट ब्लॉकर कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

इमेज काढताना सगळ्यात महागडी चूक म्हणजे मूळ आणि लक्ष्य डिस्कची अदलाबदल. कमांड देण्याआधी दोन्ही डिस्कचे सीरियल नंबर जोडीदाराने मोठ्याने वाचावेत. वेळेचाही अंदाज द्या: सेकंदाला 100 एमबी वेग धरला तरी 1 टीबीला पावणेतीन तास लागतात.

डिलीट केलेले फोटो सहसा परत मिळतात, नाव बदललेला फोटो सुरुवातीच्या ‘एफएफ डी8 एफएफ’ या बाइट्सवरून ओळखू येतो. इथेच वर्ग हुरळतो. एसएसडीत ट्रिम (डिलीट झालेली जागा रिकामी करायला डिस्कला कळवणारी सोय) चालू असेल तर डिलीट केलेला डेटा बहुधा मिळत नाही. वीज मिळाली की आतला कंट्रोलर स्वतःच सफाई करतो, राइट ब्लॉकर त्याला अडवू शकत नाही.

चालू संगणकाची वायर सवयीने उपटू नये. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर किल्ली रॅममध्ये असते, बंद केलं की गेली. स्क्रीनचा फोटो, संगणकाच्या घड्याळाचा खऱ्या वेळेशी फरक, मग रॅम कॅप्चर (रॅममधल्या डेटाची प्रत), असा क्रम ठेवा. कॅप्चर करणारं टूलही रॅममध्ये खुणा सोडतं, त्याची नोंद करायलाच हवी. अपवाद एकच: डेटा पुसला जात असल्याचं दिसलं तर वीज तोडा.

फोन फॅराडे पिशवीत (सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत) गेला की सिग्नल शोधत बॅटरी संपवतो. पॉवर बँक पिशवीच्या आतच ठेवा; बाहेर आलेली केबल अँटेनासारखी काम करते.

परीक्षेत एका गटाच्या नोंदी दुसऱ्या गटाला द्या. केवळ त्या वाचून तोच हॅश काढता आला तर नोंदी पास.