मलावीच्या खेड्यात कामाला जाताना: विदर्भातल्या कार्यकर्त्यांसाठी

आफ्रिकेतल्या मलावीत पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. आपल्याकडे कापूस वेचणीला मजूर मिळत नाहीत म्हणून धावपळ चाललेली असते, तेव्हा तिथं मक्याची पेरणी असते. आपण मृगाची वाट बघतो, तेव्हा तिथला मका घरात येऊन पडलेला असतो. हे उलटं पंचांग डोक्यात पक्कं बसलं, की निघायची तारीख, गावातल्या कामाचा क्रम आणि सुट्टी या तिन्ही गोष्टी त्यावरून ठरवता येतात. पहिलं वर्ष वाया जातं ते बहुधा तारखा चुकल्यामुळं. भाषेची अडचण त्यामानानं कमी.

निघायचं कधी

पोळा झाला की निघा. सप्टेंबरात पोचलात तर रस्ते कोरडे असतात, लोक मोकळे असतात आणि पेरणीपूर्वी ओळखी व्हायला दोन महिने मिळतात. जानेवारीत उतरलात तर गाव वावरात, रस्ते चिखलात आणि घराघरात धान्य संपत आलेलं. जानेवारी ते मार्च हा तिथला तुटीचा काळ. त्या दिवसांत सर्वेक्षणाचे कागद घेऊन फिरणाऱ्याला लोक धान्यवाटपवाला समजतात आणि उत्तरंही तशीच देतात.

सप्टेंबरात जाण्याचा एक फायदा प्राप्तिकराचाही आहे. नोकरीसाठी बाहेर पडलेल्या माणसाचं भारतातलं वास्तव्य त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांच्या आत राहिलं, तर तो करासाठी अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस भरतात. काठावर निघून त्याच वर्षी डिसेंबरात तीन आठवडे घरी आलात, तर हिशेब बिघडला. म्हणून पहिली सुट्टी मार्चच्या आत घ्यायची असेल तर तेवढे दिवस आधी निघा. नुसत्या निर्वाहभत्त्यावर जाणाऱ्याला याचा फारसा फरक पडत नाही, पगारावर जाणाऱ्याला पडतो.

कागद आणि घरचं वावर

पासपोर्ट, पोलीस क्लिअरन्स आणि पदवीचं अपोस्टील (परदेशात ग्राह्य धरलं जाणारं प्रमाणन) ही कामं चार महिने आधी सुरू करा. अपोस्टीलसाठी एमएसडब्ल्यूची पदवी आधी राज्य शासनाकडून प्रमाणित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाकडं जाते. वेळ खातो तो पहिला टप्पा. पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातून अजून उचललंच नसेल, आणि असे पुष्कळ असतात, तर आणखी महिना धरा. टेम्पररी एम्प्लॉयमेंट परमिट बोलावणारी संस्था काढते. पर्यटक म्हणून जा, तिथं बघू, असं कोणी म्हटलं तर जाऊ नका.

पिवळ्या तापाची लस घ्याच. मलावी स्वतः या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीत नाही, पण मुंबईहून जाताना विमान बहुधा अदिस अबाबात बदलतं आणि इथिओपिया यादीत आहे. मधला थांबा लांबला किंवा विमानतळाबाहेर पडावं लागलं, तर दोन्हीकडं कार्ड मागतात. परतताना ते नसेल तर मुंबईत सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस केंद्र सरकारमान्य केंद्रातच मिळते, घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि आयुष्यभर चालते. एका कुपीत अनेक डोस असल्यामुळं केंद्रं ठरावीक वारीच देतात. आधी नाव नोंदवा आणि कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या.

सातबाऱ्यावर नाव असेल तर घरच्या एकाच्या नावे मुखत्यारपत्र करून दुय्यम निबंधकाकडं नोंदवा. त्यात पीक कर्जाचं नवं-जुनं, पीक विमा, ई-पीक पाहणी आणि बाजार समितीतली विक्री ही कामं नावानिशी लिहा. ‘सर्व अधिकार’ एवढंच लिहिलं की बँक हमखास परत पाठवते. एनआरआय झाल्यावर पीएम किसानचा हप्ता लागू राहत नाही. तो स्वतः बंद करून घ्या, नाहीतर मागून वसुली निघते. असलेली किंवा वारसानं येणारी शेती ठेवता येते, पण त्या काळात नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीचं, करून घ्या. बँकेला जोडलेल्या सिमवर निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग चालू करा आणि रिचार्जची जबाबदारी घरी कुणावर तरी टाका. ओटीपी आला नाही की सगळंच अडतं.

सामान

नागपूर-मुंबई विमानाचं तिकीट वेगळं काढलं तर देशांतर्गत १५ किलोची मर्यादा लागते, पुढं कितीही परवानगी असो. विदर्भ एक्सप्रेसनं गेलात तर सामानाचा प्रश्न मिटतो, पण पावसाळ्यात कसारा घाटात गाडी अडते, म्हणून मुक्कामाचा एक दिवस हाती ठेवा.

आफ्रिका म्हणजे ऊन, असं समजून नुसते सुती कपडे नेऊ नका. चंद्रपूरचा मे काढलेल्याला तिथल्या ऑक्टोबरचं काही वाटणार नाही, पण डेड्झासारख्या उंच भागात जून-जुलैत स्वेटर आणि जाड पांघरूण लागतंच. वीज २३० व्होल्ट, त्यामुळं आपला मिक्सर चालतो. पिन मात्र तीन चौकोनी पात्यांची, तेवढे अडॅप्टर न्या. कुकरच्या दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न्या. डाळ-मसाले राजधानी लिलाँगवेच्या एरिया २ या भागात आणि ब्लँटायरजवळच्या लिंबेत मिळतात, पण आपल्याकडचा काळा मसाला नाही. बियाणं मात्र एक मूठही नेऊ नका, सरकी असो वा तूर. परवान्याशिवाय ते बेकायदा आहेच, शिवाय त्यासोबत कीड-रोग नव्या मुलखात जातो.

गावात शिरताना

क्रम असा: आधी जिल्हा परिषदेचं कार्यालय, मग ट्रॅडिशनल ऑथॉरिटी म्हणजे मोठा पारंपरिक प्रमुख, मग ग्रुप व्हिलेज हेडमन, मग गावप्रमुख, आणि त्यानंतर गाव विकास समिती. आपल्याकडं सरपंचाला फोन करून थेट ग्रामसभेत जाता येतं. तिथं एक पायरी गाळली तर लोक हसून स्वागत करतील, पण पुढच्या सभेला कोणी येणार नाही. उजव्या हातानं हात मिळवताना डावा हात उजव्या कोपराजवळ धरा, तो आदर. ‘मुली ब्वांजी?’ (कसे आहात?) विचारलं की ‘न्दिली ब्विनो, काया इनू?’ (मी बरा आहे, तुम्ही?) म्हणा आणि उत्तर ऐकून मगच कामाचं बोला. बायकांनी चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचा दोन मीटरचा कपडा, जवळ ठेवावा. सलवार-कमीज चालतो, पण मयतीला आणि चर्चमध्ये कमरेला तो गुंडाळावाच लागतो. गावात मयत झाली की त्या दिवसाची सभा रद्द. तुम्हीही जायचं, घड्याळ बघायचं नाही.

प्रशिक्षणाला आलं की भत्ता मिळतो, ही तिथं रुजलेली अपेक्षा आहे. इतर संस्था काय देतात ते जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्या आणि पहिल्याच सभेत नियम सांगा: गावातल्या गावात सभा असेल तर भत्ता नाही, दुसऱ्या गावाहून आलेल्याला प्रवासखर्च. अर्ध्यात नियम बदलला तर गट फुटतो.

बचत गटाची सवय आवरा

विदर्भातला कार्यकर्ता सगळ्यात जास्त चुकतो तो इथं, कारण यातलंच त्याला सगळ्यात जास्त येतं. मलावीत बँक म्खोंडे किंवा व्हीएसएलए म्हणतात त्या गटात १५ ते २५ जण असतात. दर सभेला प्रत्येकानं एक ते पाच शेअर घ्यायचे आणि पासबुकात तेवढे शिक्के मारायचे. पैसा बँकेत जात नाही. तीन कुलपांच्या पेटीत राहतो, तीन चाव्या तिघांकडं, पेटी चौथ्याकडं. कर्ज आपल्या बचतीच्या तिपटीपर्यंत, साधारण तीन महिन्यांसाठी. नऊ ते बारा महिन्यांनी सगळा पैसा वाटून गट पुन्हा शून्यापासून सुरू होतो.

वाटप असं: समजा शेअर ५०० क्वाचांचा (क्वाचा हे तिथलं चलन), वर्षभरात २,४०० शेअर विकले गेले, म्हणजे जमा १२ लाख. व्याजासकट पेटीत १५ लाख ६० हजार आले. भागिले २,४००, म्हणजे शेअरला ६५०. जिच्या पासबुकात १२० शिक्के, तिला ७८ हजार.

महिन्याला १० टक्के व्याज ऐकून शेकडा दोनची सवय असलेला माणूस हबकतो आणि दर खाली आणायला निघतो. तो उद्योग करू नका. व्याज त्याच बायकांमध्ये वाटलं जातं, आणि चलनाची घसरणही बघा: नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉलर एका फटक्यात ११८० वरून १७०० क्वाचांच्या आसपास गेला. तशा देशात पैसा वर्षानुवर्षं साठवत राहणं शहाणपणाचं नाही. दरवर्षी वाटप करून खत किंवा पत्रे घेणं हेच बरोबर. आपल्या बचत गटांच्या पंचसूत्रीतल्या (पाच नियमांतल्या) हिशेबाच्या वह्या तिथं लादल्या की सगळा कारभार लिहिता येणाऱ्या एकीच्या हातात जातो. शिक्के आणि पेटीतली रक्कम सगळ्यांनी तोंडपाठ करणं ही त्यांची पद्धत जास्त सुरक्षित आहे.

बिघाड दोन ठिकाणी होतो. एक, चावीवाली आली नाही की सभा अडते. येता येत नसेल तर चावी पाठवायची, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. दुसरं, वाटपाच्या आधीचे आठवडे. कर्जं परत येतात, पेटी जड होते आणि चोरी त्याच दिवसांत होते. त्या काळात पेटी ठेवण्याचं घर बदला किंवा जादा रक्कम एअरटेल मनीसारख्या खात्यावर ठेवा.

दक्षिण मलावीत मक्यात तूर असते, तिला नंदोलो म्हणतात. ती जुलै ते सप्टेंबरात निघते, म्हणजे पोचल्या-पोचल्या बोलायला विषय तयार. इथं जरा सांभाळून. आपल्याकडं आयात आली म्हणून भाव पडला अशी ओरड असते. तिथं भारतानं घेतली नाही म्हणून भाव पडतो. ऑगस्ट २०१७ मध्ये भारतानं तूर आयातीवर मर्यादा घातली, त्याचा फटका तिथल्या कास्तकारांना बसला. २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी वर्षाला ५० हजार टनांचा करार झाला. पुढचा भाव काय, हे तुम्हाला विचारतीलच. आकडा सांगू नका.

सुट्टी आणि ताप

दिवाळीला घरी यायचं विसरा. खत घेता यावं म्हणून बहुतेक गट नोव्हेंबर-डिसेंबरात वाटप करतात, आणि तो दिवस चुकवला तर वर्षाचं काम बघितलंच नाही. वाटप झालं की डिसेंबरच्या मध्यात निघा (पहिल्या वर्षी वरचा १८२ दिवसांचा हिशेब सांभाळून), जानेवारीअखेर परत जा.

मलावीत हिवताप बारमाही आणि मुख्यतः फाल्सिपेरम, म्हणजे जास्त धोक्याचा प्रकार. लहानपणापासून गडचिरोलीत राहिलो, आम्हाला काही होत नाही, हा भ्रम आहे. औषधं लावलेली मच्छरदाणी रोज, आणि गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं. मलावी सरोवराच्या उथळ, गवताळ काठाला पाण्यात उतरू नका. तिथल्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया हा कृमींचा रोग होतो, जो आपल्याकडच्या डॉक्टरांच्या बघण्यात सहसा येत नाही. उतरलाच असाल तर परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करून घ्या. हिवताप टाळायला डॉक्सीसायक्लिन घेत असाल तर गावी आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. सुट्टीत ताप आला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी पडून राहू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि मी मलावीहून आलोय हे डॉक्टरांना आधी सांगा.