दोन सेशनच्या लाइव्ह पोलची तुलना नीट कशी करायची

लोक मोबाइलवरून मत देतात आणि निकाल लगेच स्क्रीनवर दिसतो अशा लाइव्ह पोलसाठी मेंटिमीटर घ्या, स्लायडो घ्या नाहीतर अजून कुठलं टूल, एकच प्रेझेंटेशन तीन-चार बॅचना दाखवलं की नंतर कोणीतरी विचारतंच, कुठल्या बॅचचं काय मत पडलं? आणि बघायला जावं तर सगळ्यांची मतं एकाच ग्राफमध्ये मिसळलेली. म्हणून प्रत्येक बॅचआधी नवीन सेशन सुरू करायचं, ती सोय नसेल तर अख्खं प्रेझेंटेशन डुप्लिकेट करून नावात तारीख आणि बॅच टाकायची. रिसेट दाबण्याआधी निकाल एक्सेलमध्ये उतरवून घ्या, काही टूल्समध्ये रिसेट म्हणजे जुनी मतं कायमची गेली.

प्रश्न मात्र दोन्हीकडे अगदी शब्दाला शब्द तोच हवा. पर्यायांचा क्रम, 1 ते 5 ची स्केल, उत्तराला दिलेला वेळ, सगळं तेच. मध्येच सुचलं म्हणून "पटलं का?" चं "पूर्ण पटलं का?" केलंत तर तो वेगळा प्रश्न झाला, तुलना विसरा. आणि मतदान संपेपर्यंत ग्राफ लपवून ठेवा, कारण समोर वाढणारी पट्टी बघून लोक तिकडेच मत देतात, मग तुम्ही मत नाही, गर्दी मोजताय. वर्ड क्लाउड, म्हणजे जास्त वेळा आलेला शब्द मोठा दाखवणारं चित्र, दिसतो छान पण तुलनेला जवळजवळ निरुपयोगी, एकच शब्द लोक चार प्रकारे टाइप करतात.

आता शीट. प्रत्येक ओळीत सेशन, प्रश्न, पर्याय, मतं, आणि उत्तर देणारे एकूण किती, मग पिव्होट टेबल (एक्सेलमधली गटवार बेरीज करून देणारी सोय) लावा. एकापेक्षा जास्त पर्याय निवडता येत असतील तर टक्के माणसांवर काढलेत की एकूण मतांवर हे आधी तपासा, दोन्हीचे आकडे फार वेगळे येतात.

खरी गडबड टक्क्यांतच होते. समजा पहिल्या सेशनला 80 पैकी 40 जण "हो" म्हणाले, दुसऱ्याला 12 पैकी 9. म्हणजे 50 टक्के आणि 75 टक्के, ऐकायला केवढा फरक! पण दुसरीकडे फक्त तिघांनी वेगळं बटण दाबलं असतं तर तिथेही 50 च आले असते. दोन्ही मिळून सांगायचं तर 50 आणि 75 ची सरासरी 62.5 काढू नका, 92 पैकी 49 धरा, म्हणजे साधारण 53 टक्के. ग्राफखाली माणसांची संख्या लिहायचीच, बॉसला आवडो न आवडो.

त्याच लोकांना आधी आणि नंतर तोच प्रश्न विचारायचा असेल तर अजून एक भानगड आहे. हार्वर्डचे एरिक माझूर यांची पीअर इन्स्ट्रक्शन पद्धत अशीच चालते, मत द्या, शेजाऱ्याशी चर्चा करा, परत मत द्या. पण निनावी पोलमध्ये आधी 20 बरोबर आणि नंतरही 20 बरोबर दिसले तर काहीच बदललं नाही असं वाटतं, प्रत्यक्षात आठ जण चुकीकडून बरोबरकडे आणि दुसरे आठ उलटे गेलेले असू शकतात. त्यासाठी प्रत्येकाला स्वतःचा एखादा कोड ठरवायला सांगा, नाव नको, आणि दोन्ही वेळा तोच टाकायला लावा. ज्यांचे कोड जुळतील तेवढ्यांचीच आधी-नंतर तुलना करा, बाकीच्यांची मतं वेगळ्या टेबलात ठेवा.